पॉइंटवाल्या बुलेटला प्लगचा गॅप नेमका किती? खोका, ब्लेड आणि मॅन्युअल तीन आकडे सांगतात

सातारकर ३५०

गाडी बुलेट स्टँडर्ड ३५०, १९९२ची, १२ व्होल्ट, सी.बी. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क). कॉइल आणि कार्बोरेटर मूळचेच. प्लग नवा आहे, १४ मि.मी. व्यासाचा, लांब आट्यांचा, खोक्यातून काढला तसाच बसवलेला. नंतर काढून मोजला तर गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, ०.८ मि.मी. भरला.

आयडलिंग सुरेख. सपाट रस्त्यावर अर्ध्या थ्रॉटलला तक्रार नाही. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की मिसिंग (मधेच ठिणगी चुकून अडखळणे) सुरू होते. थ्रॉटल थोडा कमी केला की लगेच थांबते.

गॅरेजमध्ये सांगतात, हॅक्सॉ ब्लेड सरकेल एवढा ठेवा. मॅन्युअलमध्ये १८ ते २० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) आहे. प्लग तर ०.८ वर येतो. यातला कोणता आकडा धरायचा? आणि त्यामागचे कारणही कळले तर बरे.

टायमिंग साइड

मॅन्युअलचा. १८ ते २० थाऊ म्हणजे ०.४६ ते ०.५१ मि.मी. सरळ ०.५ धरा.

कारण प्लगमध्ये नाही, कॉइलमध्ये आहे. पॉइंट बंद असतात तोवर कॉइलच्या प्रायमरीतून करंट वाहतो आणि चुंबकक्षेत्र तयार होते. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळते आणि सेकंडरीत व्होल्टेज चढू लागते. ते चढत चढत गॅप ओलांडण्याइतके झाले की ठिणगी पडते. किती व्होल्टेज लागेल हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: गॅपची लांबी आणि ठिणगीच्या क्षणी सिलिंडरमध्ये असलेला दाब. दोन्हींपैकी काहीही वाढले की मागणी वाढते. कॉइल मात्र एका मर्यादेपर्यंतच देऊ शकते, आणि पॉइंटवाल्या जुन्या यंत्रणेत ती मर्यादा आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनपेक्षा बरीच खाली असते.

तुमची लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे, दाब कमी, म्हणून ०.८ चा गॅपही चालून जातो. घाटात थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब चढतो आणि कॉइलची मर्यादा संपते. मग एखादी ठिणगी गॅपऐवजी ओलसर प्लगकॅपमधून किंवा तडकलेल्या एच.टी. वायरमधून (कॉइलकडून प्लगकडे येणारी वायर) अर्थ होते, एखादी पडतच नाही. थ्रॉटल कमी केला की दाब उतरतो आणि गाडी पुन्हा बोलू लागते.

उलट्या टोकाचीही खूण सांगून ठेवतो. गॅप फार कमी, म्हणजे ०.३५ च्या खाली गेला तर भाराखाली गाडी ठीक चालते, पण आयडलिंग बिघडते. ठिणगी इतकी आखूड असते की तिच्याभोवती ज्योत धरायला जागाच राहत नाही, आणि आयडलिंगचे मिश्रण आधीच पेटायला अवघड असते. थोडक्यात, घाटात मिसिंग असेल तर गॅप जास्त असल्याचा संशय घ्या, सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर कमी असल्याचा.

फीलरगेज

ब्लेडच्या सल्ल्याबद्दल. हॅक्सॉच्या हाताच्या ब्लेडची पाठ साधारण ०.६३ ते ०.६५ मि.मी. जाड असते, म्हणजे २५ थाऊ. सी.डी.आय. (पॉइंटशिवायचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असलेल्या १०० सी.सी. गाड्यांना ०.६ ते ०.७ लागतो, म्हणून तिथे ही युक्ती बरोबर बसते. गॅरेजमध्ये येणाऱ्या दहातल्या नऊ गाड्या तशाच असल्यामुळे ब्लेड हेच सगळ्यांचे माप झाले. पॉइंटवाल्या बुलेटला ते माप मोठे पडते. आणि ब्लेडच वापरायचे झाले तर पाठीकडून वापरा. दातांची बाजू मापाला घेऊ नका, कारण दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले असतात आणि तिथे ब्लेड ०.९ च्याही पुढे भरते.

खोक्यातल्या ०.८ चे म्हणाल, तर तोच प्लग अनेक कार आणि मोटारसायकलींत जातो. कारखाना एक गॅप ठेवून पाठवतो, तो तुमच्या गाडीचा असेलच असे नाही. एन.जी.के.च्या कोडच्या शेवटी कधी डॅश देऊन ९ किंवा ११ असते, तो गॅप असतो: ०.९ आणि १.१ मि.मी. डॅश नसेल तर साधारण ०.७ ते ०.८. जुन्या गाडीसाठी डॅशवाला प्लग घेऊच नका. १.१ चा प्लग वाकवून ०.५ वर आणला की बाजूची पट्टी तिरपी होते आणि ठिणगी एका कडेलाच पडत राहते.

मोजताना सगळ्यात जास्त चूक होते ती वापरलेल्या प्लगवर. बाजूच्या पट्टीला आतून खळगा पडलेला असतो. सपाट फीलर पट्टी (ठरावीक जाडीची, फट मोजायची) त्या खळग्याच्या काठांवर टेकते आणि ०.५ दाखवते, आत खरे अंतर ०.६ असू शकते. म्हणून वापरलेल्या प्लगला गोल तारेचा गेज वापरावा. तो नसेल तर छोट्या सपाट कानशीने मधला इलेक्ट्रोड आणि पट्टीची आतली बाजू आधी सपाट करून घ्या, मग मोजा. कानशीचा आणखी एक फायदा म्हणजे कडा पुन्हा धारदार होतात. धारदार कडेवरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, गोल झालेल्या कडेवरून जास्त लागते. मोजून गॅप बरोबर भरतो आणि तरी जुना प्लग मिसिंग करतो, त्यामागे बहुधा ह्या गोल झालेल्या कडाच असतात.

सेटमध्ये ०.५० ची पट्टी नसेल तर ०.३० आणि ०.२० एकत्र धरा. दोन्ही आधी पेट्रोलने पुसा. मधे तेलाचा थर राहिला तर माप चुकते. पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. ०.५० जाते आणि ०.५५ अडते, एवढे जमले की झाले.

सातारकर ३५०

समजले. ०.८ वरून ०.५ वर आणताना पट्टी नेमकी कशी वाकवायची? स्क्रू-ड्रायव्हरने करताना पाहिले आहे, पण पोर्सेलीन तडकेल अशी भीती वाटते.

फीलरगेज

भीती योग्य आहे. गॅप कमी करायला स्क्रू-ड्रायव्हर लागतच नाही. प्लग हातात आडवा धरून पट्टीची पाठ लाकडी फळीवर किंवा पान्याच्या दांड्यावर हलकेच टेकवत राहा. दोन-तीन टिचक्या, मग मोजा, पुन्हा टिचकी. एकदम जोरात मारली तर गॅप ०.३ वर जातो, मग उघडताना पट्टी दुसऱ्यांदा वाकते. दोन-चारदा पुढे-मागे वाकवलेली पट्टी मुळाशी कमजोर होते, हे लक्षात ठेवा.

गॅप वाढवायचा असेल तर प्लगगेजवर खाच असलेली वाकवणी असते, ती पट्टीच्या टोकाला अडकवून बाहेर ओढा. नाहीतर बारीक नाकाची पक्कड. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू घेऊन पट्टी उचकटणे मात्र कधीच नको. पोर्सेलीनला केसाएवढी तडा जाते, डोळ्याला दिसत नाही, आणि गाडी गरम झाल्यावर ठिणगी त्या तड्यातून आतल्या आत अर्थ होते.

शेवटी प्लग उजेडाकडे धरून बाजूने बघा. दोन्ही समोरासमोरचे तळ समांतर हवेत आणि पट्टी मधल्या इलेक्ट्रोडच्या बरोबर वर हवी. पाचरीसारखा गॅप दिसला तर टोकापाशी किंचित दाबून सरळ करा.

मिस्त्रीआळी

प्लग नंतर. आधी पॉइंट. क्रम चुकला तर प्लगचा गॅप कितीही अचूक ठेवा, उपयोग नाही.

बुलेटच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी., म्हणजे १४ ते १६ थाऊ. कॅमने पॉइंट सगळ्यात जास्त उघडलेले असतील तिथे गाडी किकने सावकाश आणा आणि तिथेच मोजा. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजत जाते, तसा पॉइंटचा गॅप आपोआप कमी होतो. पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडते. म्हणून आधी पॉइंट, मग टायमिंग, मग प्लग.

पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर फीलर तिथेही फसवते, प्लगला होते तसेच. बारीक कानशीने टेकडी काढा, खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासत बसू नका. नंतर पेट्रोलमध्ये भिजवलेला स्वच्छ कागद पॉइंटमधून दोनदा ओढा. पॉलिश पेपरची धूळ किंवा तेलाचा थेंब राहिला तर पॉइंट काळे पडतात. कॅमला घासणाऱ्या नमद्याला ग्रीस अगदी नावापुरते लावा.

अंधारात गाडी चालू करून पॉइंटकडे बघा. बारीक, फिकट ठिणगी दिसणे ठीक. मोठी, चमकदार, सतत तडतडणारी दिसली तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग) गेला. चांगला कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरॅडचा असतो, कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरवर तपासता येतो. पण काही कंडेन्सर थंड असताना बरोबर माप दाखवतात आणि गरम झाल्यावर फसतात. वीस मिनिटे चालल्यावरच मिसिंग येत असेल तर शंका ठेवून बदलून बघा, महागाचा भाग नाही.

आणखी एक. इग्निशन चालू, पॉइंट बंद, अशा स्थितीत मल्टिमीटरची एक तार कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी दिसले तर स्विचमध्ये किंवा जोडण्यांमध्ये व्होल्टेज वाया जाते आहे. इग्निशन स्विचचे आतले संपर्क झिजलेले असणे जुन्या बुलेटला नेहमीचे. हे माप झटपट घ्या. पॉइंट बंद ठेवून इग्निशन तसेच चालू ठेवले तर कॉइल तापते.

लाल टाकी

जरा वेगळे मत. पॉइंटवरच ०.६५ ठेवूनही गाडी चांगली चालते. आयडलिंग जास्त मऊ लागते आणि अर्ध्या थ्रॉटलवर इंजिन स्वच्छ ओढते. कॉइल धडधाकट असेल तर ०.५ चा आग्रह कशाला?

टायमिंग साइड

तुमचे निरीक्षण चुकीचे नाही. लांब ठिणगीभोवती ज्योत लवकर धरते, म्हणून कमी थ्रॉटलवर ०.६५ खरोखर मऊ लागतो. पण प्लग ०.६५ वर थांबत नाही. चालेल तसे इलेक्ट्रोड झिजतात आणि गॅप वाढतच जातो. ०.५ ने सुरुवात केली तर पुढच्या तपासणीपर्यंत तो ०.५५-०.६ च्या आत राहतो. ०.६५ ने सुरुवात केली तर तो कॉइलच्या मर्यादेला भिडतो, आणि तेही पावसात, उतरलेल्या बॅटरीवर, किक मारताना. किक मारताना दिवा लागलेला असेल आणि बॅटरी ११.५ वर असेल तेव्हा कॉइलला मिळणारा करंट आधीच कमी असतो.

शिवाय गॅप ओलांडायला जितकी ऊर्जा लागते तितकी ठिणगी पुढे टिकवायला कमी उरते. गॅप फार वाढवला तर ठिणगी पडते पण क्षणात विझते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवले असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ०.६ ते ०.७ रास्त आहे, किटसोबतच्या कागदावर जो आकडा असेल तो धरावा. कॉइल जुनीच ठेवून फक्त पॉइंटच्या जागी सेन्सर बसवलेला असेल तर मात्र एकदम ०.७ वर जाऊ नका.

लाल टाकी

झिजेचा मुद्दा पटला. माझा आकडा ताज्या प्लगचा होता, तीन-चार हजार किलोमीटर चाललेल्याचा नव्हे.

दोन स्ट्रोक

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी थोडे, कारण धागा वाचून कोणी आर.एक्स. १०० वर ०.५ ठेवायला नको. आर.एक्स.ला सी.डी.आय. आहे, पॉइंट नाहीत. त्यामुळे वरचे कॉइलचे गणित तिला तसेच लागू होत नाही, तिचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तिथे खरी झिज वेगाची. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, फोर-स्ट्रोकमध्ये पॉवर स्ट्रोकची ठिणगी दोन फेऱ्यांना एक. प्लग त्या प्रमाणात लवकर झिजतो, गॅप लवकर वाढतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गॅपमध्ये अडकणारा कार्बनचा धागा. तेल जास्त मिसळले किंवा सायलेन्सर कोंदला की इलेक्ट्रोडच्या मधे बारीक काळा पूल तयार होतो आणि गाडी एकदम बंद पडते. प्लग काढून पूल टोकरून काढला की चालू होते, आणि लोक समजतात प्लग गेला होता. प्लग चांगलाच असतो. तेलाचे प्रमाण आणि सायलेन्सर बघा.

साफ करताना लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. पोर्सेलीनच्या नाकावर धातूच्या रेघा उमटतात आणि ठिणगी गॅपऐवजी त्या रेघांवरून सरकते. पितळी ब्रश हलक्या हाताने, मग पेट्रोल, मग पूर्ण सुकवणे. वाळूच्या मशिनवर साफ केलेल्या प्लगच्या खोबणीत वाळूचे कण राहतात, ते सिलिंडरमध्ये पडले तर बोअरला ओरखडे येतात. हवेने नीट फुंकता येत नसेल तर मशिनवर देऊच नका.

सुपर १६

स्प्लेंडर, सी.डी. १०० वगैरे १०० सी.सी. होंडा घराण्याच्या इंजिनांचे: गॅप ०.६ ते ०.७ मि.मी., प्लग १० मि.मी. आट्यांचा, पाना १६ चा. बुलेटच्या १४ मि.मी. प्लगला २१ चा पाना लागतो. इथे गॅपपेक्षा आटे जास्त जातात. १० मि.मी. प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात, १४ मि.मी.ला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३०. टॉर्क पाना नसेल तर हाताने पूर्ण टेकेपर्यंत फिरवा आणि नवा प्लग असेल तर पान्याने अर्धा फेरा. जुन्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला घड्याळातल्या एका तासाएवढे, म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग पुरे.

गरम इंजिनमधून प्लग काढू नका, ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर निघून येतात. काढण्याआधी भोवतीची माती फुंकून टाका. बुलेटच्या फिन्समध्ये अडकलेला खडा सिलिंडरमध्ये पडला तर गॅप मोजण्याची गरजच उरत नाही, हेड उघडावे लागते.

कुडाळचा पाऊस

आमच्याकडे जून ते सप्टेंबर वेगळी तपासणी लागते. गॅप ०.५ आहे, पॉइंट बरोबर आहेत, तरी सकाळी मिसिंग. तेव्हा प्लगकॅपचे रबर आणि एच.टी. वायर बघा. रात्री अंधारात गाडी चालू करून वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि निळसर रेषा हेडकडे पळताना दिसल्या, तर गळती तिथेच आहे. फवारा चालू असताना वायरला हात लावू नका. वायरचे टोक पाव इंच कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवून बसवा. कॅपमधला रेझिस्टर मल्टिमीटरने मोजा, बहुतेक कॅप ५ किलोओमच्या आसपास असतात. मीटर आकडाच दाखवत नसेल तर कॅप बदला.

प्लगच्या पोर्सेलीनच्या वरच्या पांढऱ्या भागावर हाताचे तेल, चिखल राहू देऊ नका. ओलावा त्याच्यावरच धरतो.

सातारकर ३५०

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न राहिले. एक, प्लग बाहेर काढून हेडला टेकवून बघितले तर ठिणगी मस्त दिसत होती, ०.८ ला सुद्धा. मग ती आत का पडत नव्हती? दोन, इरिडियम प्लग टाकला तर हा प्रश्न कायमचा जाईल का?

टायमिंग साइड

बाहेर हवेचा दाब साधा असतो. आत पिस्टनने मिश्रण कित्येक पट दाबलेले असते, तिथे तेवढ्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. म्हणून प्लग बाहेर ठेवून दिसणारी ठिणगी फक्त एवढेच सांगते की यंत्रणा पूर्ण मेलेली नाही. कॉइलची ताकद बघायची तर एच.टी. वायरचे टोक कॅप काढून इन्सुलेटेड पकडीने हेडच्या धातूपासून ६ मि.मी. अंतरावर धरा आणि किक मारा. निळी, कडक आवाजाची ठिणगी ६ मि.मी. उडाली पाहिजे. पिवळसर, मऊ असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी अशक्त आहे. हे करताना प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असेल तर जवळ ठिणगी नको, भोकात जुना प्लग हाताने लावून ठेवा. आणि सी.डी.आय. गाडीवर हा प्रयोग करू नका, मोकळी सोडलेली वायर युनिट जाळू शकते.

कॉइल कधी बदललेली असेल तर प्रायमरीच्या दोन तारा उलट्या लागलेल्या नाहीत ना तेही बघा. उलट्या असल्या तर मधला इलेक्ट्रोड पॉझिटिव्ह होतो. मधला इलेक्ट्रोड जास्त तापलेला असतो, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो निगेटिव्ह असला की ठिणगी कमी व्होल्टेजला पडते. उलट जोडणीत गाडी चालते, पण घाटात तुमच्यासारखीच अडखळते.

इरिडियमबद्दल: टोक बारीक असल्यामुळे व्होल्टेज कमी लागते, झीज कमी होते, हे खरे. पण कमजोर कंडेन्सर किंवा झिजलेले पॉइंट त्याने बरे होत नाहीत, फक्त काही काळ झाकले जातात. आणि त्याचे टोक ठिसूळ असते. नाण्यासारखा गोल गेज मधे घुसवून फिरवला तर तुटते. बसवायचाच असेल तर पट्टी अगदी जपून वाकवा, तारेच्या गेजने मोजा, टोकाला काही टेकू देऊ नका.

फीलरगेज

हीट रेंजही (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते) बघून घ्या, गॅप बरोबर असूनही प्लग काळा होत असेल तर. एन.जी.के.मध्ये आकडा मोठा तो प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तो गरम. दुकानदार मिळताजुळता म्हणून देतात तेव्हा इथेच गोंधळ होतो. जुन्या मायको (बॉशचे भारतातले जुने नाव) खोक्यावरचा कोड सांगितलात तर नवा बॉशचाच मागा, आकडे अंदाजाने दुसऱ्या कंपनीत नेऊ नका.

नकली प्लगही भरपूर आहेत. पोर्सेलीनवरची छपाई पेट्रोलच्या बोळ्याने पुसली गेली, वॉशर सहज निघून आला, किंवा मधला इलेक्ट्रोड भोकाच्या मधोमध नसला तर परत करा.

सातारकर ३५०

केले. पॉइंटचा गॅप ०.२५ निघाला, टाच झिजलेली होती. ०.३८ केला, टायमिंग जुळवले, प्लग ०.५ वर आणला. स्विचकडे बॅटरीपेक्षा १.१ व्होल्ट कमी दिसत होते. स्विचच्या मागचे दोन कनेक्टर साफ केल्यावर ०.३ वर आले. वाई ते पाचगणी पसरणी घाट तिसऱ्यात पूर्ण थ्रॉटलवर चढली, एकदाही मिसिंग नाही. सपाटीच्या आयडलिंगला स्क्रू अर्धा फेरा आत घ्यावा लागला.

आता हे किती किलोमीटरला पुन्हा बघायचे?

मिस्त्रीआळी

पॉइंट नवे नसतील तर १,५०० किलोमीटरला एकदा, प्लग ३,००० ला. टाच नवी असेल तर पहिल्या ५०० ला बघा, सुरुवातीला ती लवकर बसते. प्लगचा गॅप ०.६ च्या पुढे गेला असेल आणि कडा गोल दिसत असतील तर कानशी लावत बसू नका, नवा टाका आणि खोक्यातून काढल्यावर आधी मोजा. जुना, चालू स्थितीतला प्लग ०.५ वर लावून रबरी नळीत घालून हत्यारांच्या डब्यात ठेवा.